चारची हजेरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या एवढ्याशा बंदरात चार वाजले की प्रत्येक बोटीनं रेडिओवर हजेरी द्यायची आणि ती मी घ्यायची. एकोणीस वर्षं हे फुकटचं काम करतेय. हजेरी चुकवणाऱ्याची मी गय करत नाही, आणि रेडिओत खरखर आणणारी वस्तू तर मला मुळीच खपत नाही. रेडिओला त्रास नाही अशी सरकारी खूण नसलेले स्वस्तातले दिवे लावले म्हणून स्टिपेला त्याच्याच दुकानात झापलं होतं.

"व्हर्नाबाई, दिवे आहेत हो, बॉम्ब नाहीत!" तो म्हणाला.

मी समोर उभं राहून सगळे उतरवून घेतले.

आणि त्याच महिन्यात मी काय केलं? माझ्या नवऱ्याचं, रॉसचं, ऑक्सिजनचं मशीन बदललं. हॉस्पिटलनं दिलेलं रात्रभर ढकढक करायचं, मला डोळ्याला डोळा लागायचा नाही. ते परत केलं आणि ऑनलाइन निम्म्या किमतीत एक मुकं मशीन मागवलं. त्यावर खूण नव्हती. मी पाहिलं होतं, आणि पाहूनच, खूण असायला हवी ती बाजू भिंतीकडे केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

खरखर त्याच दिवशी सुरू झाली. हवा खराब आहे, असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

त्या मंगळवारी क्लाइव्हची हजेरी आली नाही. क्लाइव्ह माझा धाकटा भाऊ, एकटाच मासे धरायला गेलेला. साडेचारला खरखरीतून त्याचा तुटका आवाज आला, "ताई... पाणी भरतंय..." पुढचं काही कळेना. त्याच्या हातातल्या छोट्या रेडिओचा आवाज पकडणारा उंच खांब एकट्या माझ्या घरावर. बचावाची बोट स्टिपे चालवतो. त्याला फोन करून निघायला सांगितलं, पण एवढ्या समुद्रात त्यानं जायचं कुठे?

मशीन बंद केलं तर क्लाइव्ह ऐकू येणार, पण रॉसचा श्वास अडकणार. जादा सिलिंडर मागच्या आठवड्यात वीज गेली तेव्हाच संपलेला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती दीड तास लांब. इकडे आड, तिकडे विहीर. माझा हात बटणावर जाईना.

"थांबलीस कशाला?" खुर्चीतून रॉस म्हणाला. "खरखर कशामुळे होते ते मला ठाऊक आहे. आजारी आहे मी, बहिरा नाही."

"गप्प बस. दम लागेल."

त्यानं वाकून स्वतःच प्लग उपटला.

खरखर थांबली. "...दीपस्तंभाच्या दक्षिणेला, दोन मैल. कमरेपर्यंत पाणी आलंय. ताई, ऐकतेस का गं?"

"ऐकतेय रे, राजा!"

मी स्टिपेला रेडिओवर जागा सांगितली. "वीस मिनिटं लागतील," तो म्हणाला. "प्रवाहात तो सरकत राहणार. विचारत राहा त्याला."

वीस मिनिटं! रॉस आत्ताच छाती वर करून श्वास ओढत होता.

"क्लाइव्ह, पाच मिनिटं बोलू नकोस. मला ऐकू येणार नाही."

"बोलू नको? अगं बये, मी बुडतोय इथे!"

मी प्लग लावला. पाच मिनिटं नुसती खरखर, आणि तिच्याआड माझा भाऊ आहे की गेला, देव जाणे. पुन्हा काढला. होता. पाव मैल सरकला होता. स्टिपेला कळवलं, पाच मिनिटं प्लग लावला, पुन्हा काढून नवी जागा कळवली. परत लावायला वळले, तर रॉसनं माझं मनगट धरलं. त्याची नखं निळी पडली होती.

"राहू दे," तो पुटपुटला.

"मेल्या, मला निवडायला लावू नकोस रे," म्हणून मी रडायलाच लागले.

त्यानं हात सोडला नाही. आजारी माणसाला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"मिळाला!" स्टिपे ओरडला. "व्हर्नाबाई, जिवंत आहे! थांबा, त्याला तुमच्याशी बोलायचंय."

मी हात हिसकावून प्लग लावला. खरखर उसळली. तिच्यामागून क्लाइव्ह काहीतरी सांगत होता, रडत असावा. मला एक अक्षर कळलं नाही. रॉसच्या नखांकडे बघत मी तशीच बसले, आणि क्लाइव्ह बोलायचा थांबला तरी मशीनला हात लावला नाही.