पाचवं ताट

"कोबी नको. कोबीवरची पानं दे."

"काकू, ती टाकायची आहेत."

"म्हणून तर मागतेय. विकायची असती तर फुकट दिली असतीस का?"

भाजीवाला हसला आणि दुकानामागचं टोपलं त्यानं पायानंच पुढे सरकवलं. "सशांना नेता की काय?"

"हो. चार ससे आहेत घरात. एक तर सत्तरीचा. त्याला दातही नाहीत."

टोपल्यात हात घालायची तिची रीत ठरलेली होती. वरची पानं सोडून द्यायची, ती पायाखाली आलेली असतात. मधली घ्यायची. जाड देठ मिळाला तर सोनंच. साल काढली की आतला गर बटाट्यासारखा शिजतो. मग ठेचाळलेले बटाटे, अर्धे चांगले, अर्धे काळे. कापताना ज्याचा हात चुकत नाही त्यालाच ते परवडतात. मग खाटीक. त्याच्याकडून मांस नाही, हाडं. "कुत्र्याला का?" असं त्यानं दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती "हो" म्हणून गेली होती. तो बिचारा अजून चौकशी करतो.

"कुत्रं काय म्हणतंय, काकू?"

"आहे आपलं. भुंकत नाही आता."

शेवटी बेकरीतला कालचा पाव. या सगळ्याचं ती एकाच पातेल्यात असं काही करायची, की वास गेला की शेजारच्या खिडकीतून आवाज यायचा, "आज काय विशेष?"

गल्लीत तिला पुरवठामंत्री म्हणत. तिला ते नाव आवडायचं. का आवडू नये? शाळा तिच्या वाट्याला फारशी आली नाही, गाणं आलं नाही, रूप बेताचं. पुरवणं तेवढं आलं. माणसाला एक तरी गोष्ट अशी लागते की तीत त्याचा हात धरणारा कोणी नसतो.

घरात माणसं पाच. नवरा, सासू, दोन मुली आणि ती. ताटं पाच मांडायची आणि चार भरायची. सांगून टाकलेलं बरं, यात गुपित काही नाही: संध्याकाळचं ती जेवत नसे. सगळ्यांचं झालं की पाचवं ताट घेऊन शेगडीपाशी बसायची, पाठ घराकडे करून. पातेल्याच्या तळाचा बोटभर रस्सा ताटाला लावायची आणि चमचा वाजवायची. चमचा वाजला की घर निर्धास्त व्हायचं. मग ताट घासायला. दुपारी मात्र, मुली शाळेत आणि नवरा कामावर गेला की, सासूबरोबर ती आदल्या दिवशीचा भात खायची. दिवसाला एक जेवण. माणूस तेवढ्यावर जगतो. म्हणजे मरत नाही.

लग्न होऊन आली त्या आठवड्यातच सासूनं तिला बजावलं होतं, "पुरत नाही हा शब्द या घरात काढायचा नाही. पुरुषमाणूस घाबरतं." तो शब्द तिनं वीस वर्षांत काढला नाही. जिभेवरून तो शब्दच झडून गेला.

नवऱ्याला कळत नव्हतं का? असल्या गोष्टी न कळण्याची एक हातोटी असते. तो कधी विचारायचा नाही. विचारलं की आपल्या ताटातलं काढून द्यावं लागतं.

तो खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होता. तिथे दुपारचं जेवण मिळायचं. भात, डाळ, एक भाजी, आणि हवं तेवढं. हे 'हवं तेवढं' फार मोठं होतं. दुपारी तो दोन माणसांचं जेवायचा, म्हणून संध्याकाळी अर्ध्या माणसाचं पुरायचं. तिच्या सगळ्या करामतीचा खांब तोच होता.

एक दिवस त्या जेवणाच्या बाकावर बसून तो फुशारकीनं बोलून गेला. "आमच्या घरी एका पातेल्यात पाच माणसं जेवतात. वर उरतं." पलीकडे कल्याणबाई चहा पीत होती. कामगारांचं कल्याण करायला कारखान्यानं नेमलेली बाई, म्हणून तिचं हे नाव. तिनं कप खाली ठेवला.

चौथ्या दिवशी कल्याणबाई घरी आली. घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसली, पातेलं बघितलं, कोबीचे देठ बघितले. "किती छान! हे इतर भगिनींनाही शिकवाल का? कारखान्यात कार्यक्रम ठेवू. माईक असेल. तुम्ही करून दाखवायचं, मी समजावून सांगेन."

भगिनी! सासू आतून म्हणाली, "चहा तरी ठेव गं." चहा ठेवला. साखर पाच जणांच्या वाट्याची गेली.

बातमी फुटली तशी समोरची शिवणवाली हातातलं शिवण टाकून आली. तिचा नवराही त्याच यंत्रावर, दुसऱ्या पाळीला.

"तू जाणार आहेस?"

"का, जाऊ नको?"

"अगं, दुपारचं जेवण बंद करायची कुजबुज चालू आहे महिनाभर. आणि नेमकी आताच त्यांना तुझ्या देठांची आठवण? कसायानं पाठीवरून हात फिरवला म्हणून बकरीनं नाचायचं का?"

"जळतेस तू."

"जळते! माझी शेगडी तरी धड जळते का? पोट दुखतंय सांग. पाय मुरगळला सांग."

"वीस वर्षं रांधतेय," ती म्हणाली. "जेवून उठताना घरातल्या कोणी 'चांगलं झालंय' म्हटलं नाही. ही बाई माईक देतेय."

शिवणवालीनं तिच्याकडे बघितलं आणि टाकलेलं शिवण उचलायला परत गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती स्वतःचं पातेलं आणि स्वतःची पळी घेऊन गेली. त्या पळीशिवाय तिचं माप चुकायचं. जेवणघरात बाकांवर दीडदोनशे बायका. पुढच्या खुर्च्यांवर साहेब चौघं. तिनं हाडं उकळत घातली, देठ सोलले, काळे भाग उडवून बटाटे कापले. सुरी अशी चालली की मागच्या बाकांवरच्या बायका उभ्या राहिल्या. पानं कशी चिरायची, मीठ केव्हा घालायचं, कालचा पाव वाफेवर ठेवून आजचा कसा करायचा. कल्याणबाई माईकवर सांगत होती, "बघा, काहीही वाया जात नाही!" कोणीतरी मागून म्हणालं, "बाई, आमच्याकडे वाया जायला असतं कुठं?" हशा झाला. तीही हसली. त्या दिवशी ती फार छान दिसत होती, असं नंतर तिच्याशी न बोलणाऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या.

मग ताटं मांडली. पाच. चार भरली आणि पळी थांबली.

पाचवं कधी भरलंच नव्हतं. पातेल्यात पाहिलं तर तळ दिसत होता. दोनशे बायका बघत होत्या. तिनं कपभर गरम पाणी ओतलं, ढवळलं, चारही ताटांतलं पळीपळी काढलं आणि पाचवं भरलं. अंतरावरून पाचही सारखी दिसली. अंतरावरून सगळंच सारखं दिसतं.

चार साहेबांनी चार ताटांतला एकेक चमचा चाखला. "वा," एक म्हणाला. दुसऱ्यानं रुमालानं ओठ टिपले. आणि मग एका पोऱ्यानं पाचही ताटं उचलून कोपऱ्यातल्या पिंपात उपडी केली. धपाधप. पाचव्या ताटाला तर कोणी हातही लावला नव्हता. तिच्या तोंडाशी आलं होतं, 'थांब रे, मी नेते.' पण माईक समोर होता.

"एकच प्रश्न विचारते," कल्याणबाई म्हणाली. "समजा यातूनच घरच्या माणसासाठी दुपारचा एक डबा काढायचा झाला, तर निघेल?"

मागच्या बाकावरची शिवणवाली उठून उभी राहिली. मान हलवत होती. नाही म्हण. नाही म्हण गं.

तिनं ते पाहिलं. तिला सगळं कळलंही. पण ज्या जिभेनं वीस वर्षांत 'पुरत नाही' म्हटलं नव्हतं, तिला ते दोनशे माणसांसमोर, माईकवर, साहेबांच्या तोंडावर म्हणता येईना. घराची लाज वाटली. स्वतःच्या हाताची लाज वाटली. लाज वाटायला हवी होती ती पुढच्या चार खुर्च्यांना. पण लाज कधी योग्य घरी जाते?

"निघेल की," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. पुढच्या खुर्च्यांमधून. तिला बक्षीस दिलं. काय दिलं असेल? डबा. तीन कप्प्यांचा, चकचकीत, स्टीलचा.

पंधरा दिवसांनी फाटकाशी कागद लागला. पहिल्या तारखेपासून दुपारचं जेवण बंद. कामगारांच्या कुटुंबांनीच दाखवून दिलं आहे की घरचं अन्न स्वस्त, सकस आणि पुरेसं असतं. जेवणघराचं गोदाम झालं. बाकांवर खोकी रचली गेली.

नवरा घरी आला. डबा फडताळातून काढून त्यानं तिच्यासमोर ठेवला.

"तूच म्हणालीस निघेल."

"आणि 'वर उरतं' कोण म्हणालं होतं?"

सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "भांडू नका. डबा घासून ठेव."

डबा निघाला. कुठून निघाला? तिच्या दुपारच्या भातातून. तिला राहायची ती भांड्याला चिकटलेली खरवड. पहिल्या कप्प्यात तो मावला. उरलेले दोन रिकामे जात आणि रिकामे येत. पण कप्पे तीन असल्यामुळे लांबून डबा भरल्यासारखा दिसे.

नळावर ती गेली की बायका बाजूला व्हायच्या. "सरका गं, मंत्रीणबाई आल्या. त्यांच्या बादलीत पाणीसुद्धा जास्त मावतं." एकीनं तर तोंडावर विचारलं, "काय गं, हवा खाऊन पोट भरायचा कार्यक्रम कधी आहे? आधी सांग, पुढचं बाक धरते." ती बादली भरून निघून यायची. खरंच होतं ते.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. भाजीवाल्याच्या दुकानामागे सकाळीच गर्दी.

"काकू, पानं संपली."

"टाकायची होती ना?"

"टाकायची होती. आता वीस जणी मागतात. आता विकायची आहेत." तिच्याकडे न बघता त्यानं पानांच्या जुड्या नीट लावल्या. त्यांवर पाणीही शिंपडलं.

खाटकाकडेही तेच. "काकू, एक विचारू? गल्लीत एकदम एवढी कुत्री कुठून आली?" तो हसला नाही. हाडं तराजूत घातली. फुकटाचं फुकट तोवरच असतं, जोवर मागणारं एकच असतं. तिची करामत शिकवता येण्यासारखी नव्हतीच. दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती, म्हणूनच तिचं चालत होतं.

पुढच्या महिन्यात एका दुपारी दार वाजलं. शिवणवाली, आणि मागे दोघी. एक तीच, नळावर टोमणा मारणारी हवेवाली. भांडायला आल्या असतील म्हणून तिनं आधी सासूचं पांघरूण सारखं केलं. मग दार उघडलं.

"बस म्हण," शिवणवाली म्हणाली.

"बसा."

तिघी जमिनीवर बसल्या. शिवणवालीचे गाल आत गेले होते.

"तू दाखवलंस तसं करतो आम्ही," ती शेवटी म्हणाली. "देठ तसेच, मीठ तसंच, पाणीसुद्धा तेवढंच. डबा निघतो. ताटं चार भरतात. पाचवं भरत नाही. आम्ही चुकतो कुठं?"

तिघींचे डोळे तिच्यावर. खोड्या काढायला आलेले डोळे नव्हते ते. शिकायला आलेले होते. ते जास्त वाईट.

"चुकत नाही तुम्ही," ती म्हणाली. "चारच भरतात."

"आणि तुझं?"

तिनं वीस वर्षांनी पहिल्यांदा तो शब्द काढला.

"पुरत नाही गं."

अंथरुणावर सासूचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती.

हवेवालीनं पदर तोंडाला लावला. "मग घरी काय सांगायचं? माझी पोर ताटाकडे बघत बसते. आई, तू घे, आई, तू घे, म्हणते. तिच्यापुढे कसं लपवू?"

मग ती उठली. मांडणीवरून पाचवं ताट काढलं, चमचा घेतला. शेगडीपाशी जाऊन बसली. तिघी तिच्याभोवती सरकल्या.

"पाठ घराकडे करायची," ती म्हणाली. "पातेलं पुसून बोट ताटाला लावायचं, कोरडं ताट पोरांना कळतं. चमचा आधी हळू, मग भराभर. मधेच थांबायचं, पाणी प्यायचं. आणि ताट आपणच घासायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. कर बघू तू."

शिवणवालीनं करून बघितलं.

"एवढं जोरात नको. भुकेलं वाटतं."

पुन्हा केलं. मग हवेवालीनं. मग तिसरीनं. कार्यक्रमात जे सांगायचं राहिलं होतं, ते त्या दुपारी सांगून झालं.

त्या संध्याकाळी तिनं घरच्यांची ताटं वाढली. नवरा खाली मान घालून जेवला. सासूनं आपल्या ताटातला पावाचा अर्धा तुकडा बाजूला सारला. ती म्हणाली, "खा, आई, माझं आहे." सासूनं तो पुन्हा उचलला. दिवे लागले होते, खिडक्या उघड्या होत्या. ती पाठ फिरवून शेगडीपाशी बसली आणि चमचा उचलला.

समोरच्या घरातून चमचा वाजला. मग पलीकडच्या. मग कोपऱ्यावरच्या, तिथली बाई तर तिच्याकडे आलीही नव्हती. भरल्या ताटात चमचा वाजत नाही, अन्न आवाज गिळतं. रिकाम्या ताटात तो खणखणतो. सबंध गल्ली खणखणत होती.

धाकटीनं कान टवकारले. "आई, आज सगळ्यांकडे काय गं एवढं चांगलं केलंय?"

"जेव तू," ती म्हणाली. "गार होईल."