भाकरीच्या थापेवरची क्रियापदं

आठवीत इंग्रजी सुरू झालं आणि गुरुजींनी क्रियापदांची तिन्ही रूपं आमच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली. गो वेंट गॉन, ईट एट ईटन. सांजेला चुलीपुढं बसून मी ती म्हणायची आणि आई त्याच तालावर भाकऱ्या थापायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण मी अडखळले की तिचा हात थांबायचा.

दहावीत असताना उरवड्याचे पाव्हणे मला बघायला आमच्या गावी, माल्याला आले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, म्हणजे एकच वर्ष उरलं होतं. पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोण घाई! "त्यांनी पसंत केली की साळा बंद," असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं.

मुलाचे मामा जयसिंगराव यांनी चहाची बशी खाली ठेवली. "इंग्रजी येतंय म्हनं. म्हन की कायतरी."

मला वाटलं, सुटले! येत नाही असं दिसलं तर उठून जातील. म्हणून मुद्दाम सगळं चुकवलं. "गो गोएड गोएड, ईट ईटेड ईटेड, सी सीड सीड..."

"लई झ्याक!" मामांनी मांडीवर थाप मारली आणि ते दादांकडं वळले. "फाडफाड बोलतीया की. हैबतराव, साखर वाटा."

कपाळ माझं! त्या माणसाला इंग्रजीचा गंधही नव्हता. दादांची छाती फुगली.

आतला भाकरीचा आवाज मात्र मघाशीच थांबला होता. पिठाच्या हातांनी आई दारात आली. पाव्हण्यांपुढं ती एरवी कधी येत नसे.

"साखर नगा वाटू. पोर चुकली."

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा गरजले.

"कळत न्हाई. पर रोजच्यावानी न्हाई म्हनली ती. अजून शिकायची हाय. मॅट्रिक होऊ द्या, मंग बघू."

दादा माझ्याकडं वळले. "गोजरा, खरं सांग. चुकलीस?"

"व्हय दादा. समदं चुकलं."

पाव्हणे जेवले, पण साखरेचं नाव पुन्हा निघालं नाही. दादा दिवसभर ओसरीवर पाठ फिरवून बसले.

सांजेला आईनं परात ओढली. "म्हन. आता नीट म्हन."

मी 'गो' म्हटलं आणि हुंदकाच फुटला. आईचा हात पिठावर तसाच थांबून राहिला.

ओसरीवरून दादा खेकसले, "मोठ्यानं म्हन की! उद्या साळंत बी अशीच चुकनार व्हय?"