तीन टन आणि एक बाटली

"घ्या की दादा. बाटलीच आहे, विष थोडंच आहे?" साडू म्हणाला आणि त्याने ती क्रेनवाल्याच्या हातात जवळजवळ कोंबलीच.

बाटली थंडगार होती. बूच उघडल्याबरोबर आतले बुडबुडे चढाओढीने वर येऊ लागले होते. भोवती पन्नासएक माणसं आपापल्या बाटल्या धरून उभी होती आणि समोर खुद्द मालक होते. इमारतीचा शेवटचा मजला पुरा झाला होता. आज गच्चीवर वातानुकूलनाचं तीन टनांचं यंत्र चढवायचं होतं. असं मोठं काही चढवायचं असलं की आधी मालकांनी सगळ्यांना थंड पेय पाजायचं आणि सगळ्यांनी त्यांच्या देखत बाटली एका दमात रिकामी करायची, असा त्या कंपनीचा रिवाज होता. बाटलीत कुणी थेंब ठेवला तर काम बिघडतं म्हणे. समज खुळाच, पण तो मालकांचा होता, त्यामुळे त्याला कायद्याचं वजन होतं.

एवढी वर्षं क्रेनवाला या रिवाजातून सुटत आला होता, कारण बाटल्या वाटेपर्यंत तो वर जाऊन बसलेला असे. एकदा वर चढलेल्या माणसाला दोनशे दहा पायऱ्यांची शिडी उतरून ये असं कोण सांगणार? आज मात्र साडू सकाळीच शिडीपाशी येऊन उभा राहिला होता. मालकांनी खास आठवण काढली आहे, म्हणाला.

साइटवर सगळे क्रेनवाल्याला 'वरचा' म्हणत. 'वरच्याची मर्जी असेल तर विटा आज येतील,' असे विनोद रोज व्हायचे आणि त्याला ते आवडायचे. एकोणीस वर्षं तो त्या काचेच्या खुराड्यात बसत होता. जमिनीवर तो अगदीच साधा माणूस होता. लग्नाकार्यात दाराजवळची खुर्ची धरायचा, कुणाच्या घरी गेला की आधी संडास कुठे आहे ते हेरून ठेवायचा, प्रवासाला तर जायचाच नाही. वर बसला की मात्र त्याचे हात दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे चालत. लोखंडाची तुळई तो अशी टेकवायचा, की जणू झोपलेल्या मुलाला आईने गादीवर ठेवावं. त्या खुर्चीवर त्याचा जीव होता. तेवढीच एक जागा होती जिथे त्याला स्वतःची लाज वाटत नसे.

आणि पोट? ते सात वर्षांपूर्वी बिघडलं. डॉक्टरने तपासण्या केल्या आणि सांगितलं की आतड्यांना जखम नाही, गाठ नाही, पण ती चिडकी आहेत. दुखण्याचं नाव लांबलचक होतं, औषध थोडं होतं आणि पथ्य भरपूर. दूध कमी, तिखट कमी, फसफसणारं पेय तर अजिबात नाही. एका बाटलीने पोट नगाऱ्यासारखं फुगेल आणि मग आवरणार नाही. शिवाय चिंता करायची नाही. त्या दिवसापासून त्याला चिंता न करण्याची चिंता लागली.

पण गडी नेमाचा. पहाटे उठायचं, तीनदा जाऊन यायचं, एक केळं खायचं आणि आठ वाजता शिडीला हात घालायचा. एक वाजेपर्यंत पोटात काही नाही. केबिनला एक लांब दोरी बांधलेली होती, तिला पिशवी लावून तो खालून फक्त कोमट पाणी मागवायचा. दरवर्षी कंपनीचा आरोग्याचा फॉर्म यायचा. त्यात 'पोटाचा विकार' या ओळीपुढे तो 'नाही' लिहायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे घरात बायकोला ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही, असं त्याला वाटत होतं.

बायकोने मात्र बहिणीला विचारलं होतं, काही घरगुती उपाय आहे का म्हणून. मायेपोटीच विचारलं बिचारीने. बहिणीने ते नवऱ्याला सांगितलं. तो नवरा म्हणजे हा साडू. खालून हाताने इशारे देणारा, क्रेन चालवायची परीक्षा दोन वर्षांपूर्वीच पास झालेला, आणि खुर्ची रिकामी होण्याची वाट बघून बघून कंटाळलेला.

"काय रे, तू घेत नाहीस?" मालकांनी विचारलं.

"नाही घेत ते, मालक," साडूच बोलला. आवाजात साखर होती. "त्यांचं पोटाचं जरा..."

आणि तिथेच थांबला. मालकांच्या शेजारी इंजिनिअर उभा होता. फॉर्मवर सह्या करणारा तोच. त्याने मान वळवली.

"पोटाचं काय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. क्रेनवाल्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, काही नाही म्हणाला आणि बाटली तोंडाला लावली. एका दमात प्यायला. शेवटी ढेकर आला तो एवढा मोठा की पन्नास माणसं हसली. मालकही हसले. साडूने टाळी वाजवली.

साठाव्या पायरीवर पोटात पहिली गुरगुर झाली. केबिनमध्ये पोचला तेव्हा पट्ट्याचं बक्कल रुतायला लागलं होतं. त्याने ते सैल केलं, खुर्चीत बसला, दोन्ही दांडे हातात घेतले. यंत्र जमिनीवरून उचललं तेव्हा तर हात नेहमीसारखेच होते. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याने स्वतःला बजावलं, अर्ध्या तासात कुणी मरत नाही.

यंत्र गच्चीवर आलं. तिथे लोखंडाचे चार खिळे उभे होते आणि यंत्राच्या चार पायांना चार भोकं होती. साडू लिफ्टने गच्चीवर येऊन उभा होता. त्याने हाताच्या इशाऱ्याने यंत्र हळूहळू खाली घ्यायला लावलं आणि भोकं खिळ्यांच्या वर वीतभर राहिली असताना मूठ वळून हात वर केला. मूठ म्हणजे थांब. मूठ उघडेपर्यंत क्रेनवाल्याने बोटभरही हलायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम, वजन लटकत असताना खुर्ची सोडायची नाही.

चारही भोकं खिळ्यांच्या बरोबर वर होती. क्रेनवाल्याला ते काचेतून लख्ख दिसत होतं. साडूलाही दिसत असणार. पण तो म्हणाला पाय नीट बसत नाहीत, आणि दोन फिटरना यंत्राखाली हात घालून रबराच्या चकत्या सरकवायला लावलं. सरकवून झाल्या. परत काढायला लावल्या. मूठ वरच. मग कुणाकडून तरी पाना मागवला. पाना आला, तो चुकीचा होता, परत पाठवला. साडू उकिडवा बसून फिटरांशी गप्पा मारू लागला. एक हात गुडघ्यावर, दुसरा हात वर, मूठ घट्ट.

पोटातून कळ यायची, कपाळाला घाम फोडून जायची आणि परत यायची. दर खेपेला ती थोडी आणखी खाली उतरत होती. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, असं ते दुखणं. शेवटी त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि विचारलं, अजून किती वेळ.

साइटवरचे सगळे वॉकीटॉकी एकाच वाहिनीवर होते. मालकांच्या हातात होता तोसुद्धा.

"होतंय दादा, घाई कसली?" साडूचा आवाज आला. "का हो, काही त्रास होतोय का?"

खाली कुणीतरी फिसकन हसलं, तेही वॉकीटॉकीवर ऐकू आलं.

"नाही," क्रेनवाला म्हणाला.

खरं तर डावा दांडा दोन बोटं पुढे केला असता तर काम संपलं असतं. पण फिटरांचे हात लोखंडाखाली होते. चार हात, आणि साडूने ते तिथे मुद्दामच ठेवले होते की काय कोण जाणे. क्रेनवाल्याने दांड्यावरची पकड सोडली नाही, डोळेही मिटले नाहीत. मग जे व्हायचं ते झालं. खुर्चीत, कपड्यात, पायांवरून बुटात. सात वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते अवघ्या मिनिटभरात घडून गेलं. त्याला रडू आलं. त्याचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

काही वेळाने फिटरांनी हात काढून घेतले आणि साडूची मूठ उघडली. क्रेनवाल्याने यंत्र खाली घेतलं. चारही खिळे चारही भोकांतून गेले आणि लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. फिटरांनी अंगठे वर केले. खाली टाळ्या वाजल्या आणि मालकांनी वरच्याला बोलवा म्हणून सांगितलं.

दोनशे दहा पायऱ्या. वर चढताना माणसाचं तोंड आभाळाकडे असतं, उतरताना खालची माणसं त्याच्या पाठीकडे बघत असतात. तो उतरत होता तेव्हा टाळ्या चालू होत्या. पंचवीसेक पायऱ्या उरल्या तेव्हा त्या एकेक करून थांबल्या. शिडीखालची माणसं मागे सरली. मालकांनी रुमाल नाकाला लावला आणि ते गाडीकडे वळले. साडू तेवढ्यात गच्चीवरून खाली आला होता.

"आधी सांगायचं ना, दादा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घरातलीच माणसं ना आपण?"

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही. फॉर्मवरची सात वर्षांची 'नाही' बोटाने दाखवली, तुझ्याच भल्यासाठी म्हणाला, आणि त्याला खालचं काम दिलं. संडास तिथून चाळीस पावलांवर आहे, हेही त्याने आठवणीने सांगितलं. त्या भलेपणाने क्रेनवाल्याला जेवढं लागलं तेवढं साडूच्या मुठीनेही लागलं नव्हतं.

घरी बायकोला बहिणीचा फोन येऊन गेला होता. तिने पाणी तापवून ठेवलं होतं, कपडे निमूटपणे भिजत घातले. मग पाठमोरीच म्हणाली, "पण प्यायलातच कशाला तुम्ही?"

तू सांगितलंसच कशाला, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. तिचे हात साबणाच्या पाण्यात त्याचेच कपडे चोळताना दिसले आणि त्याने ते गिळलं.

सोमवारपासून साडू वर बसू लागला, नव्या खुर्चीवर. क्रेनवाला अंगात इशारेवाल्याचं हिरवं जाकीट घालून खाली उभा राहू लागला. माणसं त्याला अजून 'वरचा'च म्हणत, फक्त आता म्हणताना एकमेकांकडे बघत.

तिसऱ्या दिवशी दुपारी केबिनमधून दोरी सरसरत खाली आली. वॉकीटॉकीवर साडूचा आवाज आला, सगळ्यांच्या वॉकीटॉकीवर.

"दादा, ऊन फार आहे हो. एक थंड बाटली पाठवा ना."

माणसांनी हातातली कामं थांबवली. क्रेनवाला चहाच्या टपरीपर्यंत गेला आणि बाटली घेऊन आला. हिंदकळून फसफसू नये म्हणून ती त्याने छातीशी उभी धरली होती. ओल्या फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवीच्या तोंडाला दोनदा गाठ मारली आणि ती ओढून बघितली. मग दोन पावलं मागे सरून त्याने हात वर केला आणि 'सावकाश वर घे' असा इशारा दिला, अगदी नियमाप्रमाणे.

पिशवी हेलकावे खात वर जाऊ लागली. कुणीतरी हसलं. त्याने तिकडे पाहिलं नाही. पिशवी केबिनच्या दारात पोचेपर्यंत तो भर उन्हात मान वर करून उभा होता. वजन लटकत असताना नजर हटवायची नसते.