इंद्रभानचं दगडी चर्च

दारात वर्गणीची वही घेऊन माणसं उभी राहिली की घरातली बाई आधी डब्यातली चिल्लर मोजते, हे तुम्हांआम्हांला काही नवं नाही. देवाच्या नावानं हात पुढं आला की नाही म्हणायची सोय नसते. वान नदीच्या अंगाला, वरवट बकालहून तीन कोसांवर असलेल्या रिंगणखेडात मात्र हा पुढं आलेला हात माणसांवर उठला. त्याचं काय झालं, ते सांगायचं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. रिंगणखेडाच्या पूर्वेला ख्रिस्ती मंडळीची वस्ती होती, अवघी अकरा घरांची. सगळी मजुरी करून खाणारी माणसं. मातीच्या भिंती आणि वर टिनं, अशा एका खोलीत त्यांची रविवारची उपासना चालायची. खोली जुनी झाली होती, एक भिंत फुगली होती. ती नीट करावी, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

पण इंद्रभानला डागडुजी नको होती. इंद्रभान म्हणजे मंडळीचा मुख्य पंच. धंद्यानं गवंडी, अंगानं आडदांड, आणि तोंडाआधी हात चालवणारा. दुसऱ्यांची घरं बांधण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. आता त्याला आपल्या मंडळीचं दगडी चर्च उभं करायचं होतं, आणि त्याचा मनोरा गावातल्या मारुतीच्या कळसापेक्षा हातभर उंच हवा होता!

खर्च निघाला नऊ हजार. मिशननं दोन हजारांचा शब्द दिला. उरलेला बोजा अकरा घरांवर आला. शिवाय घरटी एका माणसानं आठवड्यातले तीन दिवस दगडाच्या खदानीत फुकट राबायचं, असंही इंद्रभाननं ठरवून टाकलं. महिन्यातून दोनदा सायकलवर येणारे पाळकसाहेब एकदा भीत भीत म्हणाले, "पंच, एवढं मोठं काम आपल्याला झेपेल का?"

"तुमी प्रार्थना करा साहेब, बांधकाम मी पाहातो," इंद्रभान म्हणाला. पाळकसाहेबांनी सायकल वळवली. पंच कमिटी बिथरली तर आपली बदली व्हायची, ही धास्ती त्यांच्या मनात होती.

पाया खणला गेला, दगड पडू लागला. वस्तीतल्या चुली मात्र एक वेळच पेटू लागल्या, कारण तीन दिवस खदानीत गेले की तीन दिवसांची मजुरी बुडायची. एकानं शेळी विकली. एका बाईनं गळ्यातली पोत मोडली. खदानीत उशिरा आलेल्या एकाला इंद्रभाननं सगळ्यांदेखत कानफटलं, तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. देवाचं काम आहे, असं जो तो स्वतःला समजावत राहिला.

उकंडा नावाचा मजूर मात्र दोन आठवडे खदानीत गेलाच नाही. त्याची मुलगी तापानं फणफणली होती, आणि घरात जवारीचा दाणा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात इंद्रभान दोन माणसं घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

"काऊन बे उकंडा, खदानीत काऊन नाही आला?"

"पोरीले ताप हाये पंच. मजुरीले नाही गेलो तं तिले खाऊ काय घालू?"

"पैसाही नाही, कामही नाही! मंग दार दे. सागाचं हाये, चर्चच्या खिडकीले कामी येईन."

इंद्रभाननं पहार लावून दार उचकटायला सुरुवात केली. उकंडानं दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं. इंद्रभाननं बरोबर आणलेला घणाचा दांडा त्याच्या पाठीत घातला. एक, दोन, तीन. उकंडा गुडघ्यावर आला. त्याची बायको चांगुणा आडवी आली, तर पुढचा दांडा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या सगळ्यांनी ऐकला. ती किंचाळली, आतून आजारी पोर रडू लागली, आणि त्या रडण्यातच इंद्रभानची माणसं दार खांद्यावर घेऊन निघून गेली.

त्या दुपारी इंद्रभानची बायको सोजराबाई हळद आणि चिंध्या घेऊन चांगुणाकडं गेली. तिनं मनगटाला कामट्या बांधल्या. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी देवाचं घर बांधून राह्यले, अन् मानसाचं उघडं पाडून राह्यले. हे कोन्या देवाले पटंन?"

इंद्रभाननं ताट भिंतीवर फेकलं. "बायकाईनं यात पडू नये!" एवढंच बोलला आणि बाहेर गेला. पण तिचं बोलणं त्याला कुसळासारखं टोचत राहिलं, आणि टोचलं म्हणून तो आणखीच चिडला.

चौथ्या दिवशी जोत्याच्या वर पहिली भिंत कमरेएवढी आली होती. भर दुपारी उकंडा हातात कुऱ्हाड घेऊन तिथं आला. त्याचे डोळे लाल झाले होते. कुणाला काही कळायच्या आत त्यानं कुऱ्हाडीची मागची बोथट तुंबी ओल्या भिंतीत घालायला सुरुवात केली. "माह्या बायकोचा हात मोडला! घ्या, हे बी मोडा!" दगड निखळून खाली गडगडले. इंद्रभान पहार घेऊन धावला. उकंडानं कुऱ्हाड फिरवली, ती इंद्रभानच्या खांद्याला चाटून गेली आणि सदरा रक्तानं भिजला. मग इंद्रभाननं पहार दोन्ही हातांनी उचलली आणि उकंडाच्या डोक्यात घातली.

उकंडा शेजारच्या, अजून न भरलेल्या पायाच्या खड्ड्यात उताणा पडला. उजव्या डोळ्यावरून रक्ताची धार लागली आणि खालच्या खडीवर पसरली. चाळीसेक माणसं उभी होती. वस्तीतली होती, आवाज ऐकून गावातून आलेली होती. कुणी पुढं झालं नाही.

"कोनी उतरायचं नाही!" इंद्रभान खड्ड्याच्या काठावर पहार रोवून ओरडला. "देवाच्या भिंतीले हात लावला यानं! पडू द्या तसाच!"

तेवढ्यात पुंजाजी पुढं आला. सत्तरी ओलांडलेला, कमरेत वाकलेला म्हातारा. जुनी मातीची खोली तरुणपणी त्यानंच बांधली होती. तो काठावर बसला, पाय खाली सोडले आणि घसरत खड्ड्यात उतरला. उकंडाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं.

"पुंजाबा, वर ये! नाही तं..."

"नाही तं काय? मार मले. हात उचलेलच हाये तुहा." म्हाताऱ्याचा आवाज जराही चढला नाही. "इंद्रभान, तू अकरा वर्साचा होता. उन्हातून आला अन् मारुतीच्या पारावर टेकला. पार बाटला म्हनून पाटलाच्या गड्यानं तुले कोरड्यानं फोडून काढलं. आठवते?"

इंद्रभाननं पहारेवरची पकड आवळली.

"तुले तिथून उचलून मी घरी आनलं होतं. तवा तू मले एकच इचारलं. पुंजाबा, येवढे लोक होते, कोनी काऊन नाही बोललं? आज मी तुले इचारतो, हे येवढे लोक काऊन बोलून नाही राह्यले? त्या दिवशी लोक पाटलाच्या गड्याले भेत होते. आज तुले भेऊन राह्यले! तुले त्या कळसाहून उंच व्हायचं होतं ना? तू तं त्या गड्याच्याच जागी जाऊन उभा राह्यला, लेका!"

इंद्रभाननं मान वळवली. समोर माणसं होती, खाली माना घातलेली. त्या दिवशी धुळीत गाल टेकून पडल्या पडल्या त्यानं पाहिली होती, अगदी तशीच!  अरेरे, तीस वर्षं ज्या माणसाचा त्यानं मनोमन सूड घेतला, तो माणूस त्याच्याच अंगात येऊन बसला होता!

पहार त्याच्या हातातून गळली.

"उतरा ना आता!" सोजराबाई गर्दीतून ओरडली. "पाहात काय राह्यले? जीव हाये त्याच्यात!"

इंद्रभाननं खड्ड्यात उडी घेतली. स्वतःचा सदरा फाडून त्यानं उकंडाचं डोकं बांधलं, त्याला दोन्ही हातांवर उचलून वर आणलं आणि दमणीत घातलं. बैल पळवत तो संग्रामपूरच्या सरकारी दवाखान्यात पोचला. डॉक्टरनं आत घेतल्यावर तो पायीच पोलीस ठाण्यावर गेला. "एका मानसाले पहार मारली. अन् त्याच्या बायकोचा हात मोडला. लिहून घ्या साहेब," तो म्हणाला. जमादारानं आधी त्याच्या रक्तानं माखलेल्या खांद्याकडं पाहिलं, मग खुर्ची दिली.

उकंडा वाचला. उजवा डोळा मात्र गेला. इंद्रभाननं कोर्टात वकील दिला नाही, काही लपवलं नाही. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली.

इकडं मंडळी जुन्या खोलीत जमली. आता पाळकसाहेबांचा आवाज फुटला. "मी पहिल्याच दिवशी ठामपणे बोलायला हवं होतं," ते सर्वांसमोर म्हणाले. "मंडळीच्या वहीत माझी चूक आधी लिहा." पुंजाजीनं एवढंच सुचवलं, की दगड ज्यांच्या घामानं आला त्यांच्या कामी यावा. सगळ्यात आधी उकंडाचं दार परत बसलं. खोलीची फुगलेली भिंत दगडात नव्यानं उभी राहिली. उरलेल्या दगडात वस्तीची विहीर बांधून निघाली, कारण बायकांना पाण्यासाठी नदीचा उतार चढावा-उतरावा लागायचा. मिशननं चर्चसाठी कबूल केलेले दोन हजार पाळकसाहेबांनी रदबदली करून विहिरीला मिळवले.

शिक्षा भोगून इंद्रभान परत आला तो रविवारी सकाळी. खोलीत गाणं चाललं होतं. तो आत शिरला नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. उपासना संपली तेव्हा उकंडा बाहेर आला. दोघं समोरासमोर आले, तसे सगळे जागच्या जागी थांबले.

"उकंडा, मी काय तोंडानं..." इंद्रभान बोलू लागला.

उकंडानं त्याच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. "माफ केलं, असं मी आज नाही म्हननार," तो म्हणाला. "माह्या मनात आलं की म्हनीन. पन भाईर नको बसू. पुढच्या रविवारी आत बस. मांगच्या वळीले जागा हाये."

 वाकड्या मनगटाचा हात पदराखाली घेऊन चांगुणा पुढं चालू लागली. इंद्रभाननं तिच्या पाठीकडं हात जोडले. पुढं त्यानं वस्तीत गवंडीकाम खूप केलं, पण कुणाच्या दारात वर्गणीची वही घेऊन तो परत कधी गेला नाही.

बंधूंनो, भगिनींनो, देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, ते जरूर बांधावं. पण वीट रचण्याआधी आपल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याची चूल पेटली आहे की नाही, ते पाहावं. भीतीपोटी दिलेला पैसा दान होत नाही, आणि धाकानं वाहिलेला दगड सेवा होत नाही. आणि आपल्यासमोर कुणी देवाच्या नावानं गरिबावर हात उचलला, तर त्या चाळीस माणसांसारखं खाली पाहू नये. पुंजाजीसारखं पुढं व्हावं!