चौदा नंबरची शिंक

शिंकणारा उंदीर मोजायचा नाही, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. का, ते विचारायचं नाही. आणि मी तर काल सकाळपासून शिंकतेय.

मी चौदा नंबरच्या पिंजऱ्यातली पांढरी उंदरीण बोलतेय. वय पावणेदोन वर्षं. तुमच्या हिशेबाने सत्तरी जवळ आली म्हणा. जन्म याच इमारतीतला, अकरा भावंडांत. तरुणपणी चाकावर अशी धावायचे की आजूबाजूचे पिंजरे माझ्या नावाने खडे फोडायचे. आता त्याच चाकात बसून मिशा साफ करते.

म्हातारपणी आमचे दोन गट पाडले. एकाला साधं खाणं, दुसऱ्याला त्याच खाण्यात द्राक्षाच्या सालीचा अर्क. सालीत पॉलिफिनॉल नावाची तुरट द्रव्यं असतात. त्यांनी थकल्या शरीराची आजाराशी लढायची ताकद वाढते का, ते बघायचंय. मी सालवाल्या गटातली. ताकदीचं माहीत नाही, मिशा मात्र जांभळ्या झाल्या.

आम्हाला सांभाळणारी पोरगी नुकतीच कॉलेजातून आलेली. मला ‘आजी’ म्हणते.

आज मोठे सर आले, सोबत नोंदवही सांभाळणाऱ्या बाई.

“चौदा नंबर शिंकतेय. काढून टाका,” सर चष्मा पुसत म्हणाले.

असा काढलेला पिंजरा धुऊन परत येतो. उंदीर येत नाही.

“आतापर्यंत किती काढले?” पोरीने विचारलं.

“सहा,” बाई म्हणाल्या. “अगं, आजारी जनावराने आकडे बिघडतात.”

“अहो बाई, आपण मोजतोय काय? आजाराशी लढायची ताकद. आणि आजारी पडला की त्यालाच हाकलायचं. मग उरलेले ठणठणीत दिसणारच की.”

“वीस वर्षं असंच चाललंय,” सर म्हणाले.

“मग वीस वर्षं चुकतंय, सर. मी आजीला काढणार नाही. बरी झाली तर तसं लिहीन, मेली तर तसंही लिहीन.”

ते शेवटचं नसती बोलली तरी चाललं असतं. पण पोरगी खरी.

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीकडे पाहिलं.

मी शिंकले.

पोरीने घड्याळ बघून वेळ लिहून घेतली.