साळलेली पाठ

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. पण माझ्या पाठीवर मी नवी असल्याचं छापलेलं होतं. त्या चार आकड्यांची मला जेवढी भीती वाटली तेवढी आगीचीही वाटली नाही, आणि आग मी जवळून पाहिली आहे.

माझा जन्म १९९३ सालचा. करंगळीच्या पेराएवढं काळं अंग आणि सोळा चकचकीत पाय. कारखान्यात प्रत्येकीच्या पाठीवर चार आकडे छापतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. तोच आमचा जन्माचा दाखला. मला एका झेरॉक्स यंत्रात बसवलं. लहान प्रवाहाचा हुकूम ऐकायचा आणि मोठ्या प्रवाहाला वाट द्यायची, एवढंच माझं काम. मी ते बारा वर्षं केलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. पण ‘या यंत्राला कधी हात लावावा लागत नाही’ असं लोक म्हणायचे, तेव्हा मला बरं वाटायचं.

मग यंत्र भंगारात गेलं. आम्ही जिच्यावर बसलो होतो ती सर्किटची पट्टी विस्तवावर पालथी धरली. आमचे पाय धरून ठेवणारा डाख वितळला आणि कुणीतरी पट्टी दगडावर आपटली. मी बादलीत पडले. त्या उष्णतेने माझ्या पोटात केसाएवढी चीर गेली. बाहेरून ती दिसत नाही. पुढे वाकडे पाय सरळ केले, त्यांना कल्हई लावली. पॉलिश पेपरने घासून पाठीवरचा जन्म पुसला, वर काळा रंग चढवला आणि छापलं: शून्य नऊ, अकरा. म्हणजे २००९ सालचा अकरावा आठवडा. मी सोळा वर्षांची होते आणि एका दुपारी नवजात झाले. कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण चिपला तोंड नसतं.

अशाच दहा जणींना एका नळीत भरून माझा फोटो इंटरनेटवर टाकला. मला एकच विचार भेडसावत होता: आपल्याला कुठे बसवतील? खेळण्यात बसवलं तर ठीक. पण दुसरीकडे कुठे बसवलं तर?

माझ्या नशिबी दुसरीकडेच जाणं होतं.

पाकीट उघडलं ते जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत, एका घराच्या ओटीवर. उघडणारी प्राची. ती मंचरला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायची. ओटीवर तिची आई बयाबाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. नाकात नळी. तिची फुप्फुसं थकली होती. हवेतून प्राणवायू वेगळा करणारं एक यंत्र प्राचीने पुण्याहून आणलं होतं. त्या यंत्राच्या झडपा उघडणारी-मिटणारी चिप जळाली होती. तिच्या जागी मला बसवायचं होतं.

तोवर बयाबाई सिलिंडरवर होत्या आणि सिलिंडरचा काटा तांबड्या रेघेला टेकला होता. लोडशेडिंगमुळे वीज चारला येणार होती. तेव्हा बारा वाजले होते.

प्राचीने आम्हां दहा जणींना ताटात मांडलं, भिंगातून नंबर पाहिला, आकडे पाहिले. “आई, अगदी कोऱ्या आहेत बघ.”

मला ओरडावंसं वाटलं. मी आज चालेन, कदाचित आठवडाभरही चालेन. पण एखाद्या क्षणी पोटातली चीर उघडेल, झडप मिटलेलीच राहील, आणि या बाईचा श्वास माझ्यापाशी अडेल.

उंबऱ्यावर प्राचीचे वडील बसले होते, कुशाबा. उभा जन्म बेल्ह्याच्या बैलबाजारात हेडी म्हणून गेलेला. बैल पारखायचा आणि सौदा जुळवून द्यायचा, हा त्यांचा धंदा.

“कुठनं घेतल्यास?” त्यांनी विचारलं.

“इंटरनेटवरनं, आबा.”

“बघून?”

“फोटो बघून.”

“फोटो!” कुशाबा हसले. “आमी रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, पण बैल रुमालाखाली नसतो, पोरी. दात बघितलंस का हिचं?”

“आबा, हिला दात नसतात. पाय असतात.”

“मग पाय दाव.”

बयाबाई खाटेवरून पुटपुटल्या, “बघू द्या त्यास्नी. मला बी असंच... बघाया आलं व्हतं. पाय बघूनच... व्हय म्हणालं.” एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली. पण त्या हसत होत्या.

कुशाबांनी मला तळहातावर घेतलं. त्या हाताला गोठ्याचा वास होता. त्यांनी माझ्या पाठीवरून नख फिरवलं आणि ते थांबले.

“शिंगं साळल्यात हिची.”

“म्हणजे?”

“म्हाताऱ्या बैलाच्या शिंगाला कडी पडत्यात. हेडी काय करतो? शिंग साळतो, तासून गुळगुळीत करतो, वर रंग देतो. बैल चार दाती, ज्वान दिसाया लागतो. पण साळलेलं नखाला कळतं. एका अंगाला बारीक रेघा लागत्यात.” त्यांनी ताट पुढे ओढलं. “समद्या एका वेताच्या हायेत म्हणतीस ना? पालथ्या घाल बरं.”

प्राचीने आम्हांला उलटं केलं. पोटं घासायची तसदी कोणी घेतली नव्हती. दहा पोटांवर तऱ्हेतऱ्हेच्या खुणा होत्या. कुठे गोल खळगा, कुठे सपाट, दोघींवर तर देशाची नावंही वेगवेगळी. पाठीवर मात्र सगळ्यांच्या एकच आठवडा.

प्राचीचा चेहरा उतरला. पोळ्याला शिंगं रंगवल्यावर ब्रश धुवायला आणलेला थिनर कोनाड्यात होता. तिने बोळा भिजवून माझ्या पाठीवर फिरवला. बोळा काळा झाला. शून्य नऊ अकरा निघून गेलं आणि खालच्या रेघा उघड्या पडल्या. मला लाज वाटली आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं.

“आबा, मी हीच बसवणार होते.” तिने बोळा खाली टाकला. “आता दुसरी कुठनं आणू? चारला लाइट येईल आणि यंत्र बंदच...”

“नवीच पायजे का?”

“नवी नसली तरी चालेल. पण खरी पाहिजे.”

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच काहीतरी आठवलं. दुकानात एक जुना प्रिंटर पडून होता. तिने स्वतः विकत घेतलेला, तिच्यासमोर म्हातारा झालेला. त्यात अशीच चिप होती. ती उठली, गाडीला किक मारली आणि मंचरच्या वाटेला लागली.

मी खिडकीच्या फळीवर राहिले. मित्रांनो, ते तीन तास मी विसरले नाही. काटा तांबड्यात खाली सरकत होता. कुशाबा खाटेच्या कडेला बसून बयाबाईंची छाती वरखाली होताना बघत होते. “यील ती,” ते दर थोड्या वेळाने म्हणत. “आळेफाट्याला आली आसंल आता.” बयाबाईंनी डोळे मिटून नुसता हात वर केला, की बोलू नका.

साडेतीनला गाडी वाजली. प्रिंटरमधली माझी ती बहीण पिवळट होती, पाय काळवंडलेले होते, पाठीवर १९९६ सालचे आकडे स्पष्ट होते. प्राचीने गॅसवर लोखंड तापवून तिला डाख दिला. चारला वीज आली. यंत्राने उसासा टाकला. झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बयाबाईंच्या ओठांचा निळा रंग हळूहळू उतरला.

“ह्या दहाचं काय करू? टाकून देऊ?” प्राचीने मग विचारलं.

“टाकशील तर कुणीतरी उचलून परत रंगवील. नऊंचं पाय मोड.” कुशाबांनी मला वेगळं काढलं. “हिला हलकं काम दे. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपू नये, पण म्हातारा हाय म्हणून मारूबी नये.”

प्राचीने मला दारावरच्या एका दिव्यामागे बसवलं. वीज आली की तो दिवा लुकलुकतो. मी बंद पडले तर फक्त एक दिवा विझेल. माझ्या पाठीवर तिने पांढऱ्या रंगाने लिहिलं: ‘म्हातारी’. माझ्यावर छापलेली ही पहिली खरी गोष्ट. १९९३ नंतरची.

त्यानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला कुशाबा नव्हते. उंबरा रिकामा होता. प्राचीने बैलांची शिंगं रंगवली, पण साळली नाहीत. आता दुकानात नवा माल आला की ती आधी तो पालथा घालते, मग नख फिरवते. नख फिरवताना क्षणभर थांबते. ते थांबणं तिचं नाही, त्यांचं आहे.

मित्रांनो, मला अजून भीती वाटते. माझ्याबरोबर साळलेल्या हजारो जणी कुठल्या कुठल्या नळ्यांत पडून आहेत. त्या कोणाच्या उशाशी जातील ते मला माहीत नाही. त्यांना तोंड नाही. तुम्हांला नख आहे. फोटोवर जाऊ नका. पालथं घालून बघा.