सरकारच्या गीर गाई

हंबीरराव हवालदारांचे कान एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या आवाजाने गेले. उजवा साफ गेला, डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. त्या उरलेल्या डाव्या कानाचा ताबा त्यांच्या बायकोने, राहीबाईने, तेव्हापासून घेतला होता. ती त्या बाजूला बसायची, तोंडाशी तळहाताचा आडोसा धरायची आणि ओरडायची. जगात जे काय चाललं असेल ते याच वाटेने हवालदारांच्या डोक्यात जायचं. दुसरी वाटच नव्हती.

गाव रहिमतपूरच्या अलीकडचं. घरचा थोडा ऊस, दोन म्हशी, आणि मुलगा उदयसिंह कुपवाडला कारखान्यात लेथवर. त्याने दिवाळीच्या बोनसातून आईबापांना टीव्ही आणून दिला आणि घरात एक मोठी अडचण उभी राहिली. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागायच्या तेव्हा राहीबाई गोठ्यात धार काढत असायची. जेवायच्या वेळेला असायच्या त्या हिंदी बातम्या. हवालदारांना हिंदी पलटणीत राहून तोंडपाठ, पण ऐकू येत नव्हतं. राहीबाईला भिंतीपलीकडचं कुजबुजणंसुद्धा ऐकू यायचं, पण हिंदीचा गंध नव्हता. एकाकडे कुलूप, दुसऱ्याकडे किल्ली, आणि दोघं एकाच ताटाशी जेवायला बसलेली.

पण भाषा येत नाही म्हणून अडून बसेल ती राहीबाई कसली! ती चेहरे बघायची, हातवारे बघायची, मधूनच एखादा ओळखीचा शब्द सापडला तर तो पकडायची आणि बाकीची बातमी स्वतःच्या अकलेने पुरी करायची.

"काय म्हणतोय त्यो?" हवालदार विचारायचे.

"लोकसभा भरलीया. समदे उभं ऱ्हायल्यात. बसा बसा म्हणायला एकजण ठेवलाय, त्येचं कोण ऐकत न्हाई. त्येच्यापरीस आपली सोसायटीची मीटिंग बरी. च्या आला की बसत्यात तरी."

क्रिकेट लागलं तर म्हणायची, "एकजण पळतोय, एकजण हाणतोय, बाकीचे गुडघ्यावर हात ठिवून वाकल्यात. रोजगार हमीचं काम दिसतंय." एखाद्या मालिकेतली नायिका दिसली, की सुरू. "झोपतानाबी अंगावर पैठणी! हिचं धुणं कोण धुतं, त्ये एकदा दावा म्हणावं." परदेशातून विमानाने उतरलेला मंत्री दिसला, तर मंत्र्याकडे बघायचीच नाही. "मागं त्येची बायकू बघा. तोंड कसं केलंय. येताना कायबी आणल्यालं न्हाई त्यानं."

हवालदारांना हे सगळं खरं वाटायचं का? तसे ते भोळे नव्हते. दहाच्या एस.टी.ने गावात पेपर यायचा, तो ते पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचत. मंत्र्याच्या बायकोचं तोंड पेपरात कुठेच नसायचं. पण त्यांचं मत असं, की काय झालं ते पेपर सांगतो, कसं झालं ते राही सांगते. आणि पेपर यायच्या आधी, सकाळी सहाला दूध घालायला डेअरीवर गेले की ते राहीबाईचंच सगळं लोकांना ऐकवत. किटल्या घेऊन आलेली माणसं हसून हसून दूध सांडत. डेअरीचा सेक्रेटरी आकाराम तर फॅट मोजायचं सोडून ऐकत बसे. हवालदारांचा गावात मान होता तो या बातम्यांमुळे. पलटणीतल्या बिल्ल्यांमुळे म्हणाल, तर ते बिल्ले कुठल्या डब्यात आहेत हे त्यांनाही आठवत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात एके दिवशी रात्री जेवताना बातम्या लागल्या. पडद्यावर लोकसभा, धावपळ, पांढरे कपडे, मोटारींची रांग. निवेदिकेने गंभीर चेहऱ्याने एक वाक्य म्हटलं. राहीबाईचा घास हातातच राहिला.

"आवं! सरकार गीर गाई देनार हाय!"

"काय?"

"गीर गाई! आत्ता म्हणाली ती. सरकार गीर गाई!"

आणि देवाची करणी बघा, लगेच पुढच्या बातमीत पडद्यावर कुठल्याशा जनावरांच्या बाजाराचं चित्र आलं. लांब कानांच्या, तांबड्या, अंगाने भरलेल्या गाई ओळीने उभ्या. हे हवालदारांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग शंका कशाला राहते?

"कुणाला देनार?"

"कुणाला म्हंजी? ज्याच्या दारात दावं हाय त्याला!"

सकाळी हवालदार डेअरीवर पोचले ते कवायतीच्या चालीने. बातमी सांगितली. आकारामने ती खडूने फळ्यावर लिहिली आणि खाली 'इच्छुकांनी हवालदारांना भेटावे' अशी स्वतःची ओळ जोडली. कोणी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरकडे चौकशीला निघालं. कोणी म्हशीची जागा बदलली. नाथाजी म्हणून एक उतावळा गडी होता, त्याने तर विटा-माती घेऊन नवी गव्हाणच रचायला घेतली.

इच्छुकांचा घोळका अजून हवालदारांभोवती होता, तोच दहाची एस.टी. आली. आकारामने पेपर उघडला आणि मोठ्याने वाचलं, "केंद्रातील सरकार कोसळले."

हवालदारांनी त्याच्या हातातून पेपर घेऊन मथळा दोनदा वाचला, आणि त्यांच्या डोक्यात ते हिंदी वाक्य आपोआप जुळून आलं. 'सरकार गिर गई.' गिर गई! गीर गाई! त्यांना एवढं हसू येत होतं की खांबाला धरावं लागलं. पण ते हसायच्या आत मागून कोणीतरी गाईसारखं हंबरलं. मग दुसरा हंबरला. त्या दिवसापासून हंबीररावांचे हंबरराव झाले. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, पण माणसांची तोंडं लांबट झालेली दिसत होती. त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली," म्हणाले आणि किटली घेऊन घरी आले.

घरी येऊन त्यांनी मात्र खरी चूक केली. "अगं राही, गिर गई म्हंजी पडलं! हिंदीत गिरना म्हंजी पडणं," असं मास्तरासारखं समजावून सांगायला लागले. हंबररावाची गोष्ट तिला शेजारच्या बयाबाईने आधीच तिखटमीठ लावून सांगितली होती.

"माझ्या आडाणी तोंडापायी तुमचं नाव गेलं," ती म्हणाली. "आता मी कायबी सांगायची न्हाई." आणि ती खरोखरच गप्प झाली.

आईचा अबोला उदयसिंहाच्या कानावर गेला, तेव्हा त्याला वाटलं, मूळ कारण आबांचे कान. मे महिन्यात सुट्टीला येताना त्याने सांगलीहून कानाचं मशीन आणलं. शर्टाच्या खिशात ठेवायची एक डबी, तिची वायर, आणि कानात बसवायचं बोंडूक. ते लावल्यावर हवालदारांना पहिल्यांदा ऐकू आलं ते स्वतःचं चावणं. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं. मग म्हैस, मग बाहेरची चिमणी, मग नळाची धार. पोराने केलेल्या उपकाराने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "बोल की कायतरी."

"जेवून घ्या," राहीबाई म्हणाली. बस, तेवढंच.

असा पावसाळा गेला. टीव्हीतलं आता अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. मंत्री बोलले, खेळाडू बोलले, नायिका रडल्या, आणि हवालदारांच्या लक्षात आलं, की हे सगळं फार कंटाळवाणं आहे. मंत्री म्हणत होता, समिती नेमू. खेळाडू म्हणत होता, आम्ही प्रयत्न करू. एवढ्यासाठी तोफेनंतर कान परत मिळाले होते होय?

त्यांनी राहीबाईला बोलतं करायचे नाना उद्योग केले. "ही बया का रडती गं?" असं विचारलं.

"तुमाला ऐकू येतंय की."

एकदा मशीन बंद करून "सेल गेला" म्हणाले. राहीबाईने फडताळातून नवा सेल काढून पुढे केला. तिने उदयसिंहाकडून आधीच डझनभर मागवून ठेवले होते. हवालदार मुकाट्याने सेल घालून समितीची बातमी ऐकत बसले. ती पलीकडे तांदूळ निवडत होती. पूर्वी ती डाव्या खांद्याला टेकून बसायची. बोलताना तिचा हात मांडीवर आपटायचा. आता मधे अख्खी सतरंजी रिकामी होती, आणि ती रिकामी सतरंजी त्यांना कानांपेक्षा जास्त छळायला लागली. बहिरेपणात आपण एकटे पडलो नाही ते कोणामुळे, हे त्यांना आता ऐकू यायला लागल्यावर कळलं.

डेअरीवरही रया गेली. हवालदार बातम्या सांगायचे, त्या बरोबर असायच्या, आणि लोक किटली रिकामी करून चालू लागायचे.

"हवालदार," आकाराम एकदा म्हणाला, "राग मानू नगासा, पर त्या मशीननं तुमी बिघाडला. पैल्यासारखं सांगत न्हाईसा."

हवालदारांना राहवेना. म्हणाले, "आकाराम, त्यातलं माझं काय बी नव्हतं रं. समदं राहीचं. मी नुसता तिचा कर्णा."

"म्हाईत हाय की!" आकाराम म्हणाला. "वैनी रातच्या वरडायच्या ते डेअरीपातूर ऐकू यायचं. बयाबाई तर आपला टीव्ही बंद करून तुमच्या भिंतीला कान लावायची. सकाळी तुमच्याकडनं आमी दुसऱ्यांदा ऐकायचो. गीर गाई बी मी रात्रीच ऐकल्या व्हत्या."

"मग हंबरलासा कशापायी?"

"आमी बी फसलो व्हतो न्हवं? कुणावर तरी ढकलाय नगं?" आकाराम मापाकडे बघत म्हणाला. "नाथाजीची गव्हाण आजून तशीच पडलीया. वैनी गप्प झाल्यापास्नं रातच्याला गावात करमत न्हाई, गड्या."

हे घरी जाऊन सांगावं, तर राहीबाई म्हणणार, माझी समजूत काढाय लागलाय. तिला समजूत नको होती. तिच्या तोंडून निघालेलं मानानं परत तिच्या तोंडी देता आलं पाहिजे होतं, आणि ते कसं, हे हवालदारांना सुचत नव्हतं.

ते दिल्लीवाल्यांनीच सुचवलं. दिवाळी होऊन महिना झाला होता. जेवणं उरकली होती, टीव्ही चालू होता. राहीबाई पाठमोरी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. पडद्यावर पुन्हा तीच लोकसभा, तीच धावपळ, तीच मोटारींची रांग. हवालदारांनी डबीचा आवाज वाढवला. निवेदिका म्हणाली, आणि या खेपेला त्यांनी ते स्वतःच्या कानाने ऐकलं. सरकार गिर गई.

हवालदार ताडकन उठून बसले.

"राही! अगं राही! गाई आल्या!"

राहीबाईचे हात थांबले. तिने वळून पाहिलं. नवऱ्याच्या तोंडावर चेष्टा आहे का, हे तिने नीट बघून घेतलं. चेष्टा नव्हती. सणाला नवी साडी घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा आनंद होता.

"कुठल्या गाई?" तिने विचारलं.

"सरकारच्या! मागल्या खेपेला ऱ्हायल्या व्हत्या न्हवं, त्या आज निघाल्या दिल्लीस्नं. मी सवता ऐकलं. तू खोटं सांगितलं नव्हतंस गं, सात म्हैनं आगुदर सांगितलंस एवढंच."

राहीबाईने ओठ दाबून धरले. मग खांदे हलले, मग मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या, आणि ती हसली. हवालदारांनी ते हसू आयुष्यभर पाहिलं होतं. ऐकलं होतं ते लग्नानंतर, लढाईआधी, तेवढंच. इतकी वर्षं झाली तरी त्यात मधला एक किनरा, वरचा सूर तसाच होता. त्यांना तो आठवत नव्हता. तो ऐकला आणि आठवला. त्यांनी मनातल्या मनात पोराला, मशीनला, दिल्लीच्या पडक्या सरकारला आणि या बाईला एकदम हात जोडले.

"राही, तुझे लय उपकार हायती," ते म्हणाले. "तू नसतीस तर मी त्या तोफेपाशीच ऱ्हायलो असतो."

"बास झालं," राहीबाई डोळे पुसत म्हणाली. ती उठली, सतरंजी ओलांडून आली आणि डाव्या बाजूला टेकून बसली. पडद्याकडे बोट केलं. "त्यो कोपऱ्यातला बगा. सरकार पडलंय त्येचं आन् हासतोय कसा! घरी जाया मिळतंय म्हणून हासतोय त्यो. बायकूनं वांगं केलं आसंल."

पलीकडे बयाबाईचा टीव्ही खटकन बंद झाला.

आता खरं म्हणजे ओरडायची गरज नव्हती. पण जन्माची सवय. राहीबाईने तोंडाशी तळहात धरला होता आणि बेंबीच्या देठापासून ती थेट मशीनमध्ये ओरडत होती. डबी शिट्टी वाजवत होती, डोक्यात पुन्हा तोफ उडावी तसा दणका बसत होता. आवाज कमी करायचं चाक खिशातच होतं. हवालदारांनी खिशावर हात ठेवला आणि चाकाला बोट न लावता विचारलं, "आन् त्यो मागचा? त्यो काय म्हणतोय?"